फोटो माझे, डिस्क माझी, मग परवानगी कुणाची?

मावशीचा जुना डेस्कटॉप गेल्या दिवाळीत कायमचा बंद पडला. मदरबोर्ड गेला होता, हार्ड डिस्क मात्र धडधाकट होती. ती काढून यूएसबी केसमध्ये बसवली आणि नव्या लॅपटॉपला जोडली. बारा-तेरा वर्षांचे फोटो आता दिसणार म्हणून मावशी चष्मा पुसून शेजारी येऊन बसली. डिस्क उघडली, त्यात ‘यूझर्स’ उघडलं, आत मावशीच्याच नावाचं फोल्डर होतं. त्यावर डबल क्लिक केलं तर लॅपटॉप म्हणाला, या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही.

“फोटो माझे, डिस्क माझी, लॅपटॉपही माझाच,” मावशी म्हणाली. “मग मी परवानगी कुणाची काढायची?”

प्रश्न चोख होता. नातेवाइकांच्या कॉम्प्युटरवर मी हे दुखणं अनेकदा निस्तरलं आहे, पण ते मुळात का होतं हे कळायला मला स्वतःला बराच काळ लागला. तोवर नेटवर सापडेल ती कमांड चिकटवायची आणि देवाचं नाव घेऊन एंटर दाबायचं, असाच कारभार होता. त्यात एकदा सपशेल आपटलो. तो किस्सा पुढे येईलच.

नावाला विचारतो कोण

विंडोजवर अकाउंट उघडताना आपण नाव देतो, पासवर्ड देतो, हौसेने फोटोही लावतो. विंडोज मात्र यातल्या कशावरूनही आपल्याला ओळखत नाही. अकाउंट उघडल्या क्षणी ते एक लांबलचक क्रमांक तयार करतं आणि पुढचा सगळा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. त्याला एसआयडी म्हणतात. घरच्या कॉम्प्युटरवर तो साधारणपणे ‘एस-१-५-२१’ असा सुरू होतो, मग तीन मोठाले आकडे येतात आणि शेवटी एक छोटा. मधले तीन आकडे त्या विंडोजचे. विंडोज टाकलं तेव्हाच ते ठरलेले असतात. शेवटचा छोटा आकडा माणसाचा. आपण उघडलेल्या अकाउंटांना १००० आणि त्यापुढचे आकडे मिळत जातात. विंडोजसोबत आपोआप येणाऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर अकाउंटचा आकडा मात्र नेहमी ५००.

आता मावशीचं बघा. जुन्या डेस्कटॉपवर नाव तेच, नव्या लॅपटॉपवर तेच, पासवर्डही विसरायला नको म्हणून तोच ठेवलेला. शेवटचा आकडादेखील दोन्हीकडे १००१ असू शकतो. पण मधले तीन आकडे निराळे, त्यामुळे विंडोजच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला नोंद चिकटली आहे ती पहिलीच्या क्रमांकाची, आणि दारात उभी आहे दुसरी. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’चं पान उघडलं तर नावाच्या जागी ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे तो लांबलचक आकडा दिसतो, तो यामुळेच. फाइलसोबत नाव कधी लिहिलेलंच नव्हतं. कोणता आकडा कुणाचा, हे सांगणारं रजिस्टर जुन्या विंडोजकडे होतं आणि ते विंडोज आता चालू नाही.

कॉम्प्युटर न बदलताही हा प्रसंग येतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं की मधले तीन आकडे बदलतात, आणि डी ड्राइव्हवर सुखाने पडून असलेली फोल्डरं एकाएकी अनोळखी होतात. दुकानातून ‘फ्रेश विंडोज’ मारून आणलेल्या मशीनबद्दल तक्रार येते ती बहुधा हीच.

फाइलचा सातबारा

शेतजमिनीचा सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं समजायला अवघड नाही. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते असतं, आणि त्याच कागदावर ‘इतर अधिकार’ म्हणून वेगळा रकाना असतो. मालक एक आणि हक्क सांगणारे आणखी कोणी, असं तिथे सर्रास असतं.

डिस्कवर फाइली मांडून ठेवायची विंडोजची एनटीएफएस ही पद्धतही प्रत्येक फाइलसाठी अशाच दोन गोष्टी जपते. एक, मालकाचा क्रमांक. दोन, एक यादी: अमक्याला वाचता येईल, तमक्याला लिहिता येईल, अमक्याला काहीच नाही. फाइल उघडताना विंडोज तपासतं ती ही यादी. मालक कोण, हे ते सहसा बघतही नाही. म्हणजे तुम्ही फाइलचे मालक असलात आणि यादीत तुमचं नाव नसलं, तर फाइल उघडणार नाही!

मग मालकीचा उपयोग काय? मालकाला ती यादी बदलता येते, यादीत त्याचं स्वतःचं नाव नसलं तरी. आणि कॉम्प्युटरच्या ॲडमिनिस्ट्रेटरला कुठल्याही फाइलची मालकी स्वतःकडे ओढून घेता येते. या दोन वाक्यांत सगळी किल्ली आहे. इलाज दोन टप्प्यांचा असतो तो यामुळे: आधी फेरफार करून मालकी आपल्या नावावर आणायची, मग मालक म्हणून यादीत आपलं नाव लिहायचं. पुष्कळ लोक पहिला टप्पा करून थांबतात आणि “मालक तर झालो, तरी उघडत नाही” म्हणून डोकं धरून बसतात.

यादीबद्दल आणखी दोन गोष्टी. तिच्यात ‘अलाउ’ आणि ‘डिनाय’ अशा दोन जातीच्या नोंदी असतात, आणि एकाच पातळीवर दोन्ही असल्या तर नकार जिंकतो. म्हणून कुणाला अडवायचं असेल तर ‘डिनाय’ची खूण करण्यापेक्षा त्याचं नाव यादीतून काढणं बरं. एखाद्याने ‘एव्हरीवन’ला डिनाय केलं, तर त्या ‘सगळ्यां’मध्ये तो स्वतःही येतो. हसू नका, हे होतं.

दुसरी गोष्ट वारशाची. आतल्या फाइलला यादी बहुधा बाहेरच्या फोल्डरकडून मिळते. फाइल कॉपी केली की नवी प्रत नव्या फोल्डरची यादी घेते. पण त्याच ड्राइव्हवर फाइल कट करून दुसरीकडे पेस्ट केली, की ती सहसा आपली जुनी यादी सोबत घेऊन जाते. एकाच लॅपटॉपवर भावाबहिणींची वेगवेगळी अकाउंटं असतात तिथे याचा हमखास घोळ होतो. दादा आपल्या डेस्कटॉपवरची फाइल उचलून ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये टाकतो आणि ताईला ती उघडत नाही. त्याने कट-पेस्टऐवजी कॉपी-पेस्ट केलं असतं तर प्रश्नच आला नसता.

“पण मी तर ॲडमिनिस्ट्रेटर आहे”

विंडोज ९८ च्या काळात हे दुखणं नव्हतं, ही जुन्या लोकांची तक्रार खरी आहे. तेव्हाच्या फॅट पद्धतीत अशी यादीच नसायची. कॉम्प्युटरसमोर जो बसेल तो राजा. एनटीएफएस १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलं, पण ते ऑफिसांसाठी. सर्वसामान्य घरांत ते शिरलं २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर, आणि तिथेही बहुतेक जण पूर्ण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरत असल्याने फारसं जाणवलं नाही.

खरा बदल केला विंडोज व्हिस्टाने. २००७ मध्ये ते घरोघरी विकायला आलं, तेव्हापासून ॲडमिनिस्ट्रेटरलाही रोजच्या कामासाठी साध्या माणसाचा बिल्ला मिळतो. मोठा बिल्ला खिशात असतो, स्क्रीन अंधारून “या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का?” असं विचारलं जातं आणि आपण ‘येस’ म्हणतो, तेव्हा तो तेवढ्या कामापुरता बाहेर निघतो. फाइल एक्सप्लोरर सुरू असतो तो साध्या बिल्ल्यावर. म्हणून आपण ॲडमिनिस्ट्रेटर असूनही तो दारातच अडतो.

आधी दुखणं ओळखा

इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण ‘परवानगी नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा परवानगीशी संबंध नव्हता. संदेश सारखे दिसतात, कारणं निराळी असतात, आणि चुकीच्या कारणावर मालकी बदलत बसलं की आधी नसलेला बिघाड तयार होतो.

सर्वांत साधं कारण म्हणजे फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवलेली असणं. पुसता येत नाही, नाव बदलता येत नाही, आणि संदेशात “अमक्या प्रोग्राममध्ये उघडी आहे” असं लिहिलेलंही असतं, पण घाईत आपण ते वाचत नाही. प्रोग्राम बंद करा, नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. बस्स.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली ‘रीड-ओन्ली’ची चौकट हा तर सार्वत्रिक गैरसमज आहे. तिच्यात बरोबरची खूण नसते, एक भरीव चौकोन असतो. लोक तो काढतात, ‘अप्लाय’ म्हणतात, पुन्हा उघडतात तर चौकोन हजर! तास-तास या लपंडावात गेलेले मी पाहिले आहेत. फोल्डरच्या बाबतीत ही चौकट लिहायला मज्जाव करतच नाही. फोल्डरला खास चिन्ह किंवा मांडणी दिली आहे का, हे लक्षात ठेवायला विंडोज ती खूण वापरतं. आतल्या सुट्या फाइलची रीड-ओन्ली खूण मात्र खरी असते; तिथे ती काढली की काम होतं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज “ही बाहेरून आली आहे” असा अदृश्य शिक्का मारतं. वर्डमध्ये ती पिवळ्या पट्टीसह उघडते आणि टाइप करता येत नाही. पिवळ्या पट्टीवरचं ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं, किंवा प्रॉपर्टीजच्या पहिल्याच पानावर खाली ‘अनब्लॉक’ची चौकट असते तिथे खूण केली, की शिक्का आड येत नाही. अर्थात, फाइल कुणी पाठवली ते ठाऊक असेल तरच.

मग एक गनिमी कारण आहे. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटी ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आली. खंडणीखोर व्हायरसने तुमच्या फाइली कुलूपबंद करू नयेत म्हणून, ओळखीच्या नसलेल्या प्रोग्रामांना ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहू देत नाही. मुळात ती बंद असते, पण कुणी तरी चालू करून विसरतं. मग एखादा जुना प्रोग्राम फाइल सेव्ह करताना “फाइल सापडत नाही” असलं काही तरी भलतंच बरळतो. परवानग्यांची यादी पाहावी तर सगळं यथासांग. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस संरक्षणाच्या पानावर खाली रॅन्समवेअरची, म्हणजे याच खंडणीखोर व्हायरसची, नोंद असते. तिथे अडवलेल्या प्रोग्रामांचा इतिहास दिसतो आणि हव्या त्या प्रोग्रामला सूट देता येते.

पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर आधी कार्डाच्या कडेची इवलीशी कळ पाहा. कळ ठीक असेल आणि कालपर्यंत चालणारा पेन ड्राइव्ह आज लिहूच देत नसेल, तर तो म्हातारा झाला असण्याची शक्यता मोठी. बरेच पेन ड्राइव्ह शेवटच्या घटका मोजताना फक्त वाचू देतात. मिळतंय तोवर उतरवून घ्या.

आणि शेवटचं, सगळ्यांत गंभीर: फाइल सांकेतिक कुलपात असणं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत फाइलच्या ‘ॲडव्हान्स्ड’ गुणधर्मांत ‘एन्क्रिप्ट’ची खूण करता येते. अशा फाइलची मालकी घ्या, यादीत नाव लिहा, काही उपयोग नाही. तिची किल्ली जुन्या अकाउंटच्या प्रमाणपत्रात असते. ते आधी काढून ठेवलं नसेल आणि जुनं विंडोज पुसलं गेलं असेल, तर घरगुती उपाय संपले. बिटलॉकरने बंद असलेली अख्खी डिस्क असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जपलेली सापडते.

याच्या उलट बाजूकडेही बघा. मावशीची डिस्क सांकेतिक नव्हती, म्हणूनच मी दहा मिनिटांत तिच्यातले फोटो काढू शकलो, आणि कोणताही चोर ते करू शकला असता. परवानग्यांची यादी म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन. तो इमारतीत आहे तोवर विचारपूस करणार. तिजोरी उचलून दुसऱ्या गावी नेली, तर वॉचमन काय करणार?

इलाज

विंडोज स्वतः एक बटण पुढे करतं: ‘कंटिन्यू’. घरच्या फोल्डरवर ते दाबायला हरकत नाही. दाबलं की तुमचं नाव त्या फोल्डरच्या यादीत कायमचं लिहिलं जातं आणि आत झिरपत जातं; फोटो हजारोंनी असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते. मध्येच रद्द करू नका, अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे होतील. बऱ्याच वेळा काम इथेच संपतं.

संपलं नाही आणि ‘सिक्युरिटीच्या पानावर जा’ असं सांगण्यात आलं, तर हाताने फेरफार. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वरच ‘ओनर’ दिसेल, शेजारी ‘चेंज’. तिथे आपल्या अकाउंटचं नाव लिहून ‘चेक नेम्स’ दाबा. नाव अधोरेखित झालं म्हणजे विंडोजने ओळखलं. परत आल्यावर मालकाच्या नावाखाली एक नवी चौकट उगवते, आतल्या सगळ्या फोल्डरांचा आणि फाइलींचाही मालक बदला असं सांगणारी. ती खूण करायची राहते आणि लोक पुन्हा अडकतात. ओके करून खिडक्या बंद करा, पुन्हा उघडा, आणि आता ‘ॲड’ करून यादीत स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. आतल्या फाइलींची यादी विस्कटलेली असेल तर खालची ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट’ने सुरू होणारी चौकटही खूण करा; मग आत सगळीकडे हीच यादी लागू होते.

पण जुन्या डिस्कवरून फक्त फोटो काढून घ्यायचे असतील, तर मला याहून आवडणारा मार्ग आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची कमांड आयती असते. ॲडमिनिस्ट्रेटरला बॅकअप घेण्याचा एक खास हक्क असतो. तो वापरला की विंडोज वाचण्यापुरती यादी तपासतच नाही. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचं, रोबोकॉपी, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्या फोल्डरचा पत्ता, दोन्ही अवतरणचिन्हांत, आणि पुढे काही खुणा. प्रत्येक खुणेआधी तिरपी रेघ (/): ‘ई’ म्हणजे आतली सगळी फोल्डरं, ‘बी’ म्हणजे तो बॅकअपचा हक्क, आणि ‘एक्स-जे’ म्हणजे वाटेतल्या फसव्या पाट्यांकडे दुर्लक्ष कर. त्या पाट्यांबद्दल लगेच सांगतो. त्याखेरीज ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या खुणांपुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन १ लिहा. नाहीतर एखादी फाइल वाचता आली नाही की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतं, आणि त्याच्या डोक्यात ठरलेले प्रयत्न आहेत १० लाख. एका बिघडलेल्या फोटोपायी रात्रभर मशीन गुरगुरत बसलेलं मी सकाळी पाहिलं आहे.

यात जुन्या डिस्कवर काहीच बदलत नाही. मालक तोच, यादी तीच. नव्या प्रती नव्या फोल्डरची यादी घेऊन जन्माला येतात, म्हणजे सरळ आपल्या होतात.

आता तो किस्सा

फसव्या पाट्या म्हणजे काय? सी ड्राइव्हवर लपलेल्या सिस्टीम फाइली दिसू दिल्या की ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ नावाचं फोल्डर दिसतं. उघडायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’. ते फोल्डर नाहीच. एक्सपीच्या काळातल्या जुन्या प्रोग्रामांना ‘यूझर्स’कडे वळवणारी ती नुसती पाटी आहे. आत काय आहे ते पाहायला एव्हरीवनला मुद्दाम नकार दिलेला असतो, म्हणजे माणसाने तिकडे फिरकू नये. प्रत्येकाच्या फोल्डरात अशा आणखी पाट्या असतात, आणि त्यांतली ‘ॲप्लिकेशन डेटा’ तर फिरून जवळपास तिथेच आणून सोडते.

मला हे माहीत नव्हतं. एका जुन्या डिस्कवर मालकी घेण्याची ‘टेकओन’ कमांड मी अख्ख्या ड्राइव्हला लावली, ‘आतलं सगळं’ अशी खूण देऊन. ती कमांड या पाट्यांच्या मागे जाते. आणि पाटीवर पत्ता लिहिलेला असतो तो सी ड्राइव्हचा. डिस्क जुन्या मशीनमध्ये होती तेव्हा सी म्हणजे ती स्वतः; आता सी म्हणजे नवा लॅपटॉप. दुरुस्ती चालली होती जुन्या डिस्कची आणि हात फिरत होता चालत्या लॅपटॉपवर. त्यापाठोपाठ मी हौसेने परवानग्याही बदलल्या. दुसऱ्या दिवशी स्टार्ट मेनू उघडेना. शेवटी विंडोज नव्याने टाकलं आणि ज्याचा लॅपटॉप होता त्याला चहा पाजला.

तेव्हापासून माझे काही हट्ट आहेत. अख्ख्या ड्राइव्हवर कधीच नाही. फक्त हव्या त्या पिक्चर्स, डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा फोल्डरांवर. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ यांची मालकी घ्यायची नाही. सिस्टीमच्या फाइलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ दिसतो, तो व्हायरस नाही; तुम्ही चुकून काही पुसू नये म्हणून बसवलेला राखणदार आहे. आणि “चालत नाही ना, मग एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक” हा सल्ला देणाऱ्याला नमस्कार करून निघून यायचं. यादी विस्कटलीच असेल तर आय, सी, ए, सी, एल, एस या सहा अक्षरांची कमांड आहे. तिला ‘रीसेट’ आणि ‘टी’ या खुणा दिल्या की त्या फोल्डरच्या आतल्या फाइली बाहेरच्या फोल्डरची यादी पुन्हा घेतात. हीच कमांड ‘सेव्ह’ म्हटलं तर बदल करण्याआधीची यादी एका फाइलीत लिहूनही ठेवते. ते मी पूर्वी कधी केलं नाही. आता करतो.

लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी

लिनक्सची यादी आटोपशीर, युनिक्स या जुन्या प्रणालीकडून आलेली. मालक, गट आणि इतर अशी तीन माणसं. वाचणं, लिहिणं, चालवणं अशी तीन कामं. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे १, आणि ज्याला जे द्यायचं त्याची बेरीज. फाइलला ६४४ म्हणजे मालक वाचतो-लिहितो, बाकीचे नुसते वाचतात. फोल्डरला ७५५, कारण फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत पाऊल टाकणं. तो १ काढला की वाचण्याची परवानगी असूनही आतली फाइल हाताला लागत नाही. फाइल पुसता येईल की नाही हे फाइलवर अवलंबून नसतं, ती ज्या फोल्डरात आहे त्यात लिहिता येतं का यावर असतं, हे मात्र नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला चक्रावतं. परवानग्या बदलायची कमांड म्हणजे सीएचमॉड, आणि ‘सीएचमॉड ७७७’ हा इथला ‘एव्हरीवन फुल कंट्रोल’. दूरच्या कॉम्प्युटरमध्ये सुरक्षितपणे शिरायला एसएसएच वापरतात; त्याच्या खासगी किल्लीच्या फाइलवर तो चालवला तर एसएसएच ती किल्ली वापरायलाच नकार देतं, आणि बरोबर करतं.

गंमत म्हणजे मावशीची अडचण लिनक्सवर आलीच नसती. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सवर पहिल्या माणसाला नेहमी १००० हाच क्रमांक मिळतो. जुन्या मशीनवर ती १०००, नव्यावर १०००. डिस्क जोडली की फाइली लगेच तिच्या. शेजाऱ्याने जोडली तरी त्याच्या, कारण तोही १०००!

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स असेल आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नसेल, तर सीएचमॉडला हात लावू नका. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं, आणि लिनक्स त्या ड्राइव्हला फक्त वाचण्यापुरतं जोडतं. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा.

मॅकवर ‘गेट इन्फो’च्या तळाशी परवानग्या दिसतात. बाहेरच्या डिस्कला तिथेच ‘इग्नोअर ओनरशिप’ची सोय असते, ती जुन्या डिस्कसाठी फार कामाची. ‘रिपेअर परमिशन्स’ हे बटण शोधत असाल तर ते २०१५ मध्येच काढून टाकलं गेलं. एखादा प्रोग्राम फाइल वाचू शकत नसेल तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर ‘फुल डिस्क ॲक्सेस’ बघा. आणि विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क मॅक वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. तिथे परवानगीचा काही संबंध नाही.

मावशीचे फोटो

मावशीच्या डिस्कवर ‘कंटिन्यू’ दाबलंच नाही. रोबोकॉपी लावलं, चहा होईपर्यंत पिक्चर्स उतरलं, मग डेस्कटॉप. शेवटी स्क्रीनवर हिशेब येतो, किती उतरले, किती राहिले. राहिलेल्यांच्या रकान्यात २ होते. दोन्ही फाइली मुळातच खराब होत्या.

“उद्या हा लॅपटॉपही गेला तर पुन्हा हेच?” मावशीने विचारलं.

तिच्यासाठी एक वेगळी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली आणि सगळ्या फोटोंची आणखी एक प्रत तिच्यावर टाकली. एक्सफॅटमध्ये मालक नाही की यादी नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही जोडा, उघडते. पेन ड्राइव्हवर सर्रास असणाऱ्या फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅटमध्ये तीही अडचण नाही.

“म्हणजे कुणीही बघू शकेल?”

“हो. जोडेल तो बघेल.”

तिने डिस्क रुमालात गुंडाळली, कपाटातल्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि किल्ली नेहमीप्रमाणे पदराला बांधली.